दुसरा फवारा

पहिला फवारा मला लागलाच नाही असं विक्रमसिंह उस्तादांना वाटलं, आणि त्याला जबाबदार माझ्या आत्याबाई. दोन हजार सहा सालचा नोव्हेंबर, शनिवारची सकाळ, देवासबाहेरचं प्रशिक्षणाचं मैदान. पोलिसात भरती होऊन आठ महिने झालेल्या आम्ही बेचाळीस मुली एका ओळीत उभ्या होतो, हात पाठीमागे, आणि समोर उस्ताद मुठीत मावेल एवढा काळा डबा घेऊन. आत मिरचीचा अर्क. हा उद्या तुमच्या कमरेला असेल, वारा उलटा फिरला तर तुमच्याच तोंडावर येईल, तेव्हा तो काय असतो ते आधी कळलेलं बरं, असं त्यांनी समजावलं आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वतःच्याच तोंडावर मारून घेतला. 'पहले मैं,' म्हणाले. कुक्षीकडचा आडदांड माणूस. मिशा भिजल्या, डोळ्यांना धारा लागल्या, नाक वाहू लागलं, आणि त्याच अवस्थेत, आवाज जराही न बदलता, ते पुढचे नियम सांगत राहिले. डोळ्यांना हात लावायचा नाही. तीन सवाल विचारले जातील: स्वतःचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव. बाजूच्या टेबलावर कारकून मुंशीजी आमचे भरतीचे अर्ज घेऊन बसले होते, ते उत्तर ताडून बघणार. ज्याला आईबापाचं नाव धड सांगता येत नाही तो शुद्धीवर नाही असं धरायचं. तिन्ही बरोबर आली की दहा पावलं चालून जोडीदारणीच्या हातात बेडी घालायची आणि सुटायचं. चुकलं तर सोमवारी पुन्हा. सोमवारीही चुकलं तर पुढच्या तुकडीबरोबर, म्हणजे आणखी सहा महिने. रडत रडत नियम सांगणारे उस्ताद मला त्या क्षणी फार आवडले. आपल्याला काय भोगायचं आहे ते आधी स्वतः भोगून दाखवणारी माणसं माझ्या वाट्याला थोडी आली आहेत, पण आली आहेत.

सहा महिने माझ्याजवळ नव्हते. मार्चमध्ये धारहून निघताना आत्याबाईंनी मला जाऊ दिलं ते एका अटीवर. 'जा. पण मी ये म्हटलं की यायचं. का म्हणून विचारायचं नाही.' मी हो म्हटलं. एकविसाव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतं, आणि शिवाय आत्याबाईंना नाही म्हणायची मला सवयच नव्हती. माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबा देवासला कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारे, लहान पोरीला कोण बघणार, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे सगुणाबाईंनी, मला उचललं आणि धारला नेलं. त्या तेव्हा पन्नाशीच्या आत होत्या, यजमान जाऊन दहा वर्षं झालेली, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. आमच्या पणजोबांकडे कधीकाळी दरबारच्या तोषखान्याच्या किल्ल्या होत्या. किल्ल्या गेल्या, तोषखाना गेला, पण घरातली मराठी मात्र कोणी नेली नाही. पुण्याचे पाहुणे आत्याबाईंचं बोलणं ऐकून गालात हसायचे. मी शाळेत हिंदी, गल्लीत माळवी आणि घरात त्यांची ती मराठी बोलत वाढले, आणि तिन्हींत थोडी थोडी कच्ची राहिले. तर त्या अटीला आठ महिने झाले होते आणि 'ये' हा शब्द अजून आला नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आत्याबाई धारहून इंदूरमार्गे दोन बस बदलून बाबांच्या क्वार्टरवर येत, मला दुपारची चार तास सुट्टी मिळे, आणि त्या चार तासांत मी जेवता जेवता त्यांच्या तोंडाकडे बघत असे, कधी तो शब्द पडतो म्हणून. हा नोव्हेंबरातला पहिला शनिवार होता.

माझा नंबर एकोणिसावा. अठराव्या प्रियांकानं, अमझेऱ्याच्या, आमच्या तुकडीतल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात दांडग्या मुलीनं, आधी किंकाळी फोडली, मग देवाला आणि मग उस्तादांना शिव्या दिल्या, पण तिन्ही नावं बरोबर सांगितली. मग मी. आधी गार वाटलं, पाण्याचा शिंतोडा आल्यासारखं, आणि एक क्षण मला वाटलं, एवढंच? मग गालांची कातडी जागी झाली. पापण्या आपसूक मिटल्या. नाकातून घशाकडे काहीतरी जळत निघालं, आणि तिथे, घशाशी, माझ्या नकळत, एक जुनं दार लागलं. मी खोकले नाही. जीभ टाळूला लावली, ओठ जरासे उघडे ठेवले, श्वास दोऱ्यासारखा बारीक ओढला आणि डोळे किलकिले उघडले. हे मला कोणी पोलिसात शिकवलं नव्हतं. हे मी धारला, पाटावर बसून, सहाव्या वर्षी शिकले होते.

आत्याबाई माझी दृष्ट काढायच्या. सगळ्या मराठी घरांत काढतात, पण आत्याबाईंचा त्यावर जास्तच जीव. आई नसलेल्या पोरीवर लोकांची नजर जास्त पडते असा त्यांचा हिशेब. अमावास्येला तर काढायच्याच, शिवाय शनिवारी, शिवाय कोणी लग्नात 'किती गोड दिसते' म्हटलं की घरी आल्यावर लगेच. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून ओवाळायच्या आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकायच्या. आता मिरच्या जाळल्या की घरभर खकाणा उठतो आणि माणसं खोकून बेजार होतात हे कोणालाही माहीत आहे. पण ज्याला खरोखर दृष्ट लागलेली असते त्याच्या मिरच्यांना ठसका येत नाही, असा नियम आहे. पहिल्या वेळी मी भरपूर खोकले, तेव्हा आत्याबाई 'बरं, काही नव्हतं,' एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. पुढच्या वेळी, मला आठवतं, माझं नाक सर्दीनं चोंदलेलं होतं, त्यामुळे मी खोकले नाही, आणि त्या सरळ माझ्यासमोर खालीच बसल्या. 'केवढी लागली होती गं बाळ,' म्हणाल्या आणि मला जवळ घेतलं. त्या दिवशी मला साखर घातलेलं दूध मिळालं आणि माझ्या अंथरुणाऐवजी त्यांच्या पलंगावर, त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपायला मिळालं. मी काही मूर्ख मुलगी नव्हते. त्यानंतर दहा वर्षं अर्ध्या धारची नजर माझ्यावर होती असं समजायला हरकत नाही. निखाऱ्यांतून धूर उठायचा, शेजारच्या घरातली माणसं खोकायची, आणि मी पाटावर ताठ बसून जीभ टाळूला लावून आत्याबाईंकडे बघत राहायचे. त्या काळजीनं आणि मायेनं अशा काही बघायच्या की त्यापुढे घशातली आग म्हणजे काहीच नव्हतं. ही फसवणूक होती हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला ती फार आवडत होती.

'हवा ले गई,' उस्ताद म्हणाले. न खोकणारी, डोळे किलकिले करून उभी राहिलेली मुलगी बघून दुसरं काय वाटणार. 'नी लगा इसको। फिर से।' मी सांगायला हवं होतं की लागलाय. पण तोंड उघडलं असतं तर ते जुनं दार उघडलं असतं. त्यांनी जवळ येऊन दुसरा मारला. पहिल्यावर दुसरा म्हणजे भाजलेल्या हातावर पुन्हा तवा. मैदान गेलं, रांग गेली, पाय कुठे आहेत ते कळेना. आपल्याला चेहरा आहे एवढंच कळत होतं, आणि तो पेटलेला होता. कुठूनतरी उस्तादांचा आवाज आला. नाम? अक्षदा. पिता का नाम? रत्नाकर. ही दोन्ही जणू दुसऱ्याच कोणी सांगितली. माँ का नाम? आणि मी ओरडून, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्यानं, सांगितलं: सगुणाबाई. मुंशीजींनी कागद उलटल्याचा आवाज आला. 'ग़लत,' ते म्हणाले. 'यहाँ तो स्वर्गीय सुरेखा लिखा है।' उस्ताद हळू म्हणाले, 'माँ का नाम भूल गई, बेटा? होश ठिकाने नी है। सोमवार को।' मी विसरले नव्हते. पण दुसरं उत्तर द्यायची सोय नव्हती आणि असती तरी काय सांगणार होते?

पाण्याच्या टाकीजवळ बसून आम्ही सगळ्या तोंडं धूत होतो, वाऱ्याकडे चेहरे करून, गाई उभ्या राहतात तशा. प्रियांका माझ्या तोंडावर वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. 'तेरी मम्मी का नाम सगुणाबाई नी है क्या?' तिनं विचारलं. नाही म्हटलं. 'फिर वो कौन है?' मी म्हटलं, बुआ. ती पुठ्ठा हलवायची थांबली आणि परत हलवू लागली. मला सुरेखाबद्दल विचार करायचा होता, माझ्या आईबद्दल, जिचं नाव मी आत्ताच सगळ्यांदेखत खोडलं होतं, पण विचार करायला माझ्याजवळ सामानच नव्हतं. एक निळी बादली आठवत होती आणि बादलीवर वाकलेली एक पाठ. चेहरा नाही. फोटो बाबांच्या क्वार्टरवर होता, पण फोटोतल्या बाईकडे बघून मला नेहमी एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे बघितल्यासारखं वाटे, आदर, बस. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. माणसाला आपल्या आईबद्दल फक्त आदर वाटावा याची मला लाज वाटायची, आणि त्या दिवशी ती लाज आणि ती मिरची एकत्र आल्यामुळे कुठली कुठे जळते आहे तेच समजेना.

सुट्टी रद्द होईल असं मला वाटलं होतं, झाली नाही. एक वाजता टेम्पोनं औद्योगिक वसाहतीत उतरले. डोळे सुजून लिंबाएवढे झालेले, गाल तांबडे. टेम्पोवाला पैसे घेताना म्हणाला, 'कंई हुयो, बेन?' मी म्हटलं, काही नाही, सरकारी काम. दार बाबांनी उघडलं. त्यांची दुपारची पाळी होती, डबा भरून तयार होता. माझं तोंड बघून ते दचकले, पण आत ऐकू जाऊ नये म्हणून आधी दाराबाहेर आले आणि हळूच म्हणाले, 'या वेळी ठरवून आल्यात गं. तुझी खोली झाडून घेतलीय म्हणे, गादीला नवा अभ्रा घातलाय.' एवढ्यात आत्याबाई बाहेर आल्याच. मला त्या नीट दिसल्या नाहीत, पांढरी साडी तेवढी दिसली.

'कोणी मारलं?' त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, कोणी मारलं नाही, प्रशिक्षण आहे, मिरचीचा फवारा असतो, सगळ्यांनी घ्यायचा असतो. उस्तादांनी स्वतः आधी घेतला. आत्याबाईंना उस्तादांचं कौतुक वाटलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, डबे उघडल्याचे आवाज आले, आणि मुठीत काहीतरी घेऊन बाहेर आल्या. बाबा दोन्ही हात पसरून आडवे झाले. 'ताईसाहेब, काय करता? तिला आधीच सरकारनं मिरची लावलीय, तुम्ही आणखी कशाला?' मी आठ महिन्यांत हसले नव्हते तेवढी हसले, आणि हसले की डोळे जास्त झोंबत, म्हणून हसता हसता कण्हत होते. आत्याबाईंनाही मग हसू आलं असावं, कारण त्यांनी मूठ परत नेऊन ठेवली आणि मला पलंगावर आडवं केलं. ओल्या फडक्याची घडी डोळ्यांवर आली. अंधार झाला, गार वाटलं. त्या उशाशी बसल्या. मी वाट बघत पडले. आता म्हणतील. या चेहऱ्याकडे बघून कोणीही म्हणेल. आणि म्हणाल्या तर मी उठून पिशवी भरीन, का म्हणून विचारणार नाही, कारण मी शब्द दिला होता. पण, हे मला त्या घडीखाली पडल्या पडल्या अगदी स्वच्छ समजलं, मला ती नोकरी हवी होती. खाकी कपडे, पहाटेची कवायत, बेडीचं कुलूप लागल्याचा आवाज, प्रियांकाच्या शिव्या, सगळं हवं होतं. इतकं मला आजवर काही हवं नव्हतं, आत्याबाई सोडून.

'एकटीची कणीक भिजवायची म्हणजे हात चालत नाही,' आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी घडी उलटली. 'सगळ्यांनी घेतला म्हणतेस. मग सगळ्या पास झाल्या?'

'सहा जणी राहिल्या. त्यांत मी पण. सोमवारी परत घ्यायचाय.'

'तू? तू कधी नापास झाली नाहीस. काय चुकलं?'

मला काहीही सांगता आलं असतं. दहा पावलं चालता आली नाहीत, बेडी लागली नाही. पण माणूस डोळे मिटून पडलेलं असलं की खोटं बोलायला धीर लागतो, आणि तो सकाळीच संपला होता. 'तीन नावं विचारतात,' मी म्हटलं. 'तिसरं चुकलं. आईचं. मी तुमचं सांगितलं.'

बाहेरच्या नळाखाली बादली भरत होती तिचा आवाज वरवर चढत गेला आणि ती भरून वाहू लागली तरी कोणी उठलं नाही. मग बाबांची चप्पल वाजली. ते माझ्याजवळ आले, माझ्या पायाच्या अंगठ्याला धरून जरासं हलवलं, लहानपणी उठवताना हलवायचे तसं. 'पाळीला उशीर होतोय,' म्हणाले. जाताना त्यांनी नळ बंद केला. सुरेखा त्यांची बायको होती हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं. ती कागदावरची कोणीतरी होती, आणि तिचा नवरा आत्ता डबा घेऊन पायऱ्या उतरत होता.

'गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सगुणाबाईंची मुलगी,' आत्याबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, शिवणाच्या बाईंचा. 'शाळेत म्हणायचे. दवाखान्यात एकदा नर्सनं लिहूनसुद्धा घेतलं. मी एकदाही म्हटलं नाही की नाही हो, माझी नव्हे, भावाची. सोळा वर्षं. म्हणायला काय लागत होतं? पण नाही म्हटलं. गोड वाटायचं ऐकायला.' त्यांनी घडी काढून पुन्हा भिजवली, पिळली, परत ठेवली. 'मग तुझ्या तोंडात दुसरं नाव कुठून येणार? ही माझी चूक आहे, बाळ. तू नापास झालीस ते माझ्यापायी.'

मी उठायला गेले. त्यांनी खांद्याला धरून झोपवलं. 'पडून राहा. ऐक. तुझी आई भरभर चालायची. लुगड्यात पाय अडकून दोनदा पडली आमच्या जिन्यावर, तरी भरभरच. चिंच खायची, मीठ लावून, चोरून, आणि तोंड वाकडं करून सापडायची. रत्नाकरला पहिला पगार झाला तेव्हा त्यानं तिला पातळ आणलं, तर म्हणाली, रंग बायकोला विचारून आणावा, आणि दुसऱ्या दिवशी तेच नेसून अख्ख्या धारला दाखवून आली. शिट्टी वाजवायची. बाईमाणसानं शिट्टी वाजवलेली आमच्याकडे कोणी ऐकली नव्हती. तुझे आजोबा, आबासाहेब, कोण वाजवतंय म्हणून रस्त्यावर बघायचे, आणि ती मागे ओट्याशी. तुला न्हाऊ घालताना वाजवायची, तू तेवढ्यापुरती रडायची थांबायचीस. मला जमली नाही कधी. मी करून बघितली होती, दार लावून.' हे सगळं त्यांच्याजवळ होतं, इतकी वर्षं, आणि त्यांनी ते एखाद्या दागिन्यासारखं मागे ठेवून दिलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. दार लावून शिट्टी वाजवून बघणाऱ्या बाईवर कोण रागावेल?

'उस्ताद कसं विचारतात?' त्यांनी विचारलं.

'हिंदीत. माँ का नाम, असं. ओरडून.'

आत्याबाईंनी घसा साफ केला. त्यांची हिंदी म्हणजे भाजीवाल्याशी बोलण्यापुरती. 'माँ का नाम?' त्या म्हणाल्या.

'सुरेखा.'

'मोठ्यानं. मैदानावर आहेस तू. माँ का नाम?'

'सुरेखा.'

'परत.' आणि त्या विचारत राहिल्या, मी सांगत राहिले. मध्येच त्या आधी बापाचं नाव विचारत, मध्येच फक्त माझा खांदा गदागदा हलवून एकदम आईचं, गोंधळ उडावा म्हणून. शिवणाच्या परीक्षेत मुलींना हातशिलाई उसवून परत घालायला लावायच्या त्याच चिकाटीनं. दहाव्या-बाराव्या वेळी माझ्या तोंडून पुन्हा 'सगु' एवढं बाहेर पडलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला, जड. 'चुकलं,' त्या म्हणाल्या. 'ती नव्हे. माँ का नाम?' घडीखाली मला दिसत नव्हतं, आणि मी ती काढून बघितलं नाही. मी सुरेखा म्हटलं. साडेचार वाजेपर्यंत मी सुरेखा म्हणत होते.

मग त्यांनी मला बसवलं, वेणी पुन्हा घातली, जेवायला वाढलं आणि मी जेवताना माझी टोपी हातात घेऊन बसल्या. दारात मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला जाता येईना, 'आत्याबाई, आज तुम्ही काही सांगायला आला होतात ना?'

'छे,' त्या म्हणाल्या. 'तुला बघायला आले होते. बघितलं. जा, उशीर होईल.'

सोमवारी सकाळी राहिलेल्या आम्ही सहा जणी पुन्हा ओळीत उभ्या होतो. प्रियांका बेडी घालून घ्यायला दहा पावलांवर. उस्तादांनी यावेळी जवळून, एकदाच मारला. मी काही धरून ठेवलं नाही, सगळ्यांसारखी पोटातून खोकले. नाम? पिता का नाम? मग त्यांनी तिसरं विचारलं, आणि मला त्यांचा आवाज ऐकूच आला नाही, आत्याबाईंचाच आला, भाजीवाल्याशी बोलायच्या हिंदीत. सुरेखा, मी म्हटलं. मुंशीजींनी 'सही' म्हटलं आणि माझ्या अर्जावर बरोबरची खूण केली. मी दहा पावलं चालले, प्रियांकाच्या मनगटावर बेडी घातली, कुलूप लागल्याचा आवाज आला, आणि मग मला रडू फुटलं. आमच्यातल्या सहाही जणींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.